नकाराला सोबती हवा

पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी भोवतालच्या खेड्यांतून मुले शिकायला येतात. घरची नजर मागे राहते आणि दिवसाचा मोठा भाग मित्रांच्या संगतीत जातो. शाळा सुटल्यावर बसची वाट पाहताना कुणी पुडी पुढे करतो आणि विचारतो, ‘घाबरलास काय?’ ती पहिली पुडी चवीसाठी क्वचितच घेतली जाते. घोळक्यातून आपण वगळले जाऊ, या भीतीपोटी ती घेतली जाते.

कायदा आहे. २००३ च्या केंद्रीय कायद्याने १८ वर्षांखालील मुलांना तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत त्यांची विक्री करण्यास मनाई केली. २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली. परंतु कायदा विक्रेत्याचा हात धरू शकतो, मित्राचा नव्हे.

घरी मग उपदेश होतो, ‘ती संगत सोड.’ मुलाला त्यातून एवढेच ऐकू येते की, ‘एकटा हो.’ इथेच आपली चूक होते. १९५० च्या दशकात सॉलोमन अ‍ॅश या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने महाविद्यालयीन तरुणांवर प्रयोग केले. प्रश्न साधा होता: कोणत्या रेषेची लांबी नमुन्याच्या रेषेइतकी आहे? सर्वांनी ठरवून चुकीचे उत्तर दिले की, डोळ्यांना सत्य दिसत असूनही सुमारे एक तृतीयांश उत्तरे चुकीची येत. मात्र गटात खरे बोलणारा एक जरी सोबती मिळाला, तरी हे प्रमाण आधीच्या सुमारे एक चतुर्थांशावर येई.

खानदेशाला हे नवे नाही. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरला शिक्षक असलेले साने गुरुजी छात्रालयात मुलांबरोबरच राहत. त्यांनी मुलांना नुसते शिकवले नाही, सोबत दिली.

पालकांनीही तेच करावे. मुलाच्या मित्रांना नावानिशी ओळखावे, घरी जेवायला बोलवावे. ‘मी एकटा असतो तर हे केले असते का?’ हा प्रश्न मुलाने स्वतःला विचारावा, अशी सवय लावावी. ‘नको, घरी कळले तर खैर नाही,’ असे म्हणून त्याने दोष घरावर ढकलला, तर ढकलू द्यावा. आणि चूक कबूल करणाऱ्या मुलावर हात उगारू नये. मार मिळाला की पुढची कबुली मित्रापाशी होते, घरी नव्हे.

आपला मुलगा बिघडू नये, ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु दुसऱ्याचा मुलगा एकटा पडलेला असताना ‘मलाही नको’ म्हणत त्याच्या शेजारी उभा राहणारा मुलगा घडवणे, हाच खरा संस्कार होय.