भारतीय फुटबॉलचा इतिहास २०१४ मध्ये सुरू झाला नाही

१/ दर हंगामाअखेर समाजमाध्यमांवर एक यादी फिरू लागते: ‘भारताचे आजवरचे फुटबॉल विजेते’. ती २०१४ पासून, म्हणजे इंडियन सुपर लीगपासून सुरू होते. तिच्यानुसार महाराष्ट्राचे पहिले विजेतेपद मुंबई सिटीचे, २०२०-२१ चे. ही यादी केवळ अपुरी नाही, ती चुकीची आहे. ती का चुकीची आहे आणि त्याने काय बिघडते, ते या धाग्यात मांडते.

२/ आधी पार्श्वभूमी. ड्युरँड १८८८ ची, रोव्हर्स १८९१ ची. पण या बाद पद्धतीच्या स्पर्धा. एक पराभव, की संघ घरी. वर्षभर घरच्या व परक्या मैदानांवर खेळून गुणांनी विजेता ठरवणारी राष्ट्रीय साखळी स्पर्धा महासंघाने सुरू केली ती डिसेंबर १९९६ मध्ये. नाव नॅशनल फुटबॉल लीग. पहिला विजेता पंजाबातील फगवाड्याचा जेसीटी.

३/ ही लीग अकरा हंगाम चालली. मोहन बागान तीन वेळा, ईस्ट बंगाल तीन वेळा, डेम्पो दोनदा. जेसीटी, साळगावकर आणि महिंद्रा युनायटेड प्रत्येकी एकदा. शेवटचे नाव पुन्हा वाचा. २००५-०६ मध्ये मुंबईचा महिंद्रा युनायटेड, प्रशिक्षक डेरिक परेरा यांच्या हाताखाली, ईस्ट बंगालला मागे टाकून भारताचा विजेता ठरला.

४/ म्हणजे महाराष्ट्राचे पहिले राष्ट्रीय लीग विजेतेपद मुंबई सिटीच्या पंधरा वर्षे आधीचे आहे. २००७ मध्ये या स्पर्धेचे रूपांतर आय-लीगमध्ये झाले. त्यानंतरचे पहिले सहा हंगाम गोव्याने कोणालाही हात लावू दिला नाही: डेम्पो तीन, चर्चिल ब्रदर्स दोन, साळगावकर एक. आपल्या शेजारच्या चिमुकल्या राज्याचा हा पराक्रम त्या फिरत्या यादीत कुठेच नाही.

५/ ‘पण २०१४ नंतर तरी सुपर लीगच खरी ना?’ नाही. ती सुरू झाली तेव्हा आठ संघांची, ऑक्टोबर ते डिसेंबर अशी तीन महिन्यांची स्पर्धा होती. देशाची अव्वल लीग तेव्हाही आय-लीगच होती. सुपर लीगला अव्वल दर्जा मिळाला तो २०१९ मध्ये, आशियाई महासंघाने मान्य केलेल्या आराखड्यानुसार.

६/ तेव्हा २०१४-१५ ते २०१८-१९ या काळातील भारताचे विजेते अनुक्रमे असे: मोहन बागान, बेंगळुरू, ऐझॉल, मिनर्व्हा पंजाब, चेन्नई सिटी. यातील ऐझॉलची कथा तर कादंबरीत शोभावी. २०१५-१६ मध्ये हा मिझोरमचा संघ खालच्या श्रेणीत ढकलला गेला. गोव्याच्या संघांनी माघार घेतल्यामुळे परत आला. आणि पुढच्याच हंगामात विजेता झाला.

७/ त्या ऐझॉलचे प्रशिक्षक खालिद जमील. ते महिंद्रा युनायटेडकडून खेळले, मुंबई एफसीचे प्रशिक्षक राहिले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. ज्या लीगला आपण यादीतून वगळतो, तिनेच राष्ट्रीय संघाचा गुरू घडवला. मुळे तोडून फळाचे कौतुक करण्याचा हा प्रकार आहे.

८/ जरा बाहेर पाहा. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीग १९९२ ची; पण तिथली लीग १८८८ ची. लिव्हरपूलने १९९० पर्यंत १८ विजेतेपदे मिळवली होती. २०१९-२० चे विजेतेपद तिथे ‘पहिले’ नव्हे, एकोणिसावे म्हणून साजरे झाले. स्पर्धेचे नाव आणि मालक बदलले म्हणून तिथे कोणी जुनी पाने फाडली नाहीत.

९/ प्रतिवाद ठाऊक आहे: जुन्या लीगची मैदाने ओस होती, प्रक्षेपण सुमार होते, सुपर लीगने पैसा, प्रेक्षक आणि बरी मैदाने आणली. यातले बरेचसे खरे आहे. पण हा गुणवत्तेचा निकाल झाला, इतिहासाचा नव्हे. राजवट गबाळी होती म्हणून कोणी तिची सनावळी पुसत नाही.

१०/ मग हा विसर पडला कसा? महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. एअर इंडिया आणि ओएनजीसी हे संघ २०१३ मध्ये परवान्याच्या निकषांवर बाद झाले. २०१२-१३ चा उपविजेता पुणे एफसीही टिकला नाही. २०१७ मध्ये श्रेणी घसरल्यावर मुंबई एफसी मिटला. संघ कंपनीचा, कंपनीचे मन उडाले की संघ संपला. मागे स्मृती जपणारे सभासदच नव्हते.

११/ नव्या व्यवस्थेने हा रोग बरा केला का? २०१४ मध्ये जन्मलेला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला आणि त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. जुलै २०२५ मध्ये तर पुढचा हंगामच स्थगित झाल्याचे जाहीर झाले. कारण २०१० साली झालेला १५ वर्षांचा, ७०० कोटींचा व्यापारी हक्कांचा करार डिसेंबरमध्ये संपणार होता. करारनाम्याला मुदत असते. इतिहास त्याच्या हवाली कसा करायचा?

१२/ ‘संभाजीनगरात बसून तुला याचे काय?’ असे विचारणाऱ्यांसाठी. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद पोलीस संघाने मुंबईत येऊन रोव्हर्स करंडक जिंकला. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. पुढे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारत १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ मध्ये आशियाई सुवर्ण जिंकला. तेव्हा आपले शहर हैदराबाद राज्यातच होते. तो आपल्या राज्याचा संघ होता.

१३/ आज आमखास मैदानावर खेळणाऱ्या मुलाला परदेशी क्लबांची विजेतेपदे सालासकट पाठ असतात. त्यात गैर काही नाही. पण आपल्या राज्याचा संघ कधीकाळी भारताचा विजेता होता, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. ज्याला भूतकाळच नाही असा खेळ उद्या बंद पडला, तर त्यासाठी भांडणार कोण? यादी चुकण्याची खरी किंमत ही आहे.

१४/ म्हणून मागणी साधी आहे. विजेत्यांची यादी १९९६-९७ पासून लिहा. नॅशनल लीग, आय-लीग आणि २०१९-२० पासून सुपर लीग, असा एकच सलग क्रम. आणि पुढच्या वेळी ती अर्धवट यादी तुमच्यासमोर आली, की वाद न घालता तिच्याखाली एवढेच लिहा: २००५-०६, महिंद्रा युनायटेड, मुंबई.