चित्रणापुरते इरले

पारंपरिक जीवन आणि कारागिरी यांच्यावरील मानववंशशास्त्रीय माहितीपटांविषयी, म्हणजे एखाद्या समाजाचे श्रम, राहणी आणि विधी त्याच्याच परिसरात चित्रित करणाऱ्या पटांविषयी, एक मत अभ्यासकांपासून हौशी छायाचित्रकारांपर्यंत सगळेच गृहीत धरून चालतात. परंपरा लोप पावत आहे, म्हणून ती आहे तोवर टिपून ठेवावी, आणि टिपताना आधुनिकतेची सारी चिन्हे चौकटीबाहेर ठेवावीत, असा हा पूर्वपक्ष आहे. त्याच्या पूर्वार्धाशी फारसे भांडण नाही. उत्तरार्ध मात्र पूर्वार्धाचाच घात करतो.

गुहागर तालुक्यातील हेदवी हे गाव बाहेरच्यांना दशभुज लक्ष्मीगणेशाच्या मंदिरामुळे आणि भरतीचे पाणी उंच उसळवणाऱ्या बामणघळीमुळे ठाऊक असते. या पट्ट्यातील भातशेतीवर पट काढायचे ठरले, की इरल्याची आठवण हटकून निघते. इरले म्हणजे बांबूच्या कामट्यांच्या दोन जाळ्यांमध्ये पाने दाबून बसवलेले, डोके आणि पाठ झाकणारे, पुढून उघडे असे आच्छादन. वाकून लावणी करणाऱ्या बाईचे दोन्ही हात त्यामुळे मोकळे राहतात आणि पाऊस पाठीवरून ओघळून जातो. आता त्याची जागा बहुतेक ठिकाणी प्लास्टिकच्या कागदाने घेतली आहे, कारण तो हलका असतो, स्वस्त असतो आणि कोणत्याही दुकानात मिळतो. अशा वेळी बाईच्या पाठीवरचा कागद उतरवून चित्रणापुरते इरले चढवायला लावणारा दिग्दर्शक परंपरा टिपत नसतो, तर तिचा देखावा उभा करत असतो. आणि इरले का गेले, ते विणणाऱ्याचे पुढे काय झाले, हा त्या शेतातील सर्वांत मोलाचा प्रश्न तो कागदासोबतच बांधावर टाकून देतो.

ही खोड जुनी आहे. रॉबर्ट फ्लाहर्टी याने 1922 च्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ या पटात, बंदुका वापरू लागलेल्या इन्युइट शिकाऱ्यांच्या हाती पुन्हा भाले दिले, आणि 1934 च्या ‘मॅन ऑफ अॅरन’मध्ये आयर्लंडच्या बेटांवर केव्हाच बंद पडलेली शार्कची शिकार बेटकऱ्यांना नव्याने शिकायला लावली. उत्तर आफ्रिकेतील बर्बर, म्हणजे स्वतःला अमाझिघ म्हणवणाऱ्या, समाजाच्या चित्रणातही हाच मोह दिसतो: अर्गानच्या तेलाचा विषय निघाला की दगडी जात्यावर बसलेली स्त्री आलीच, पण जिथे बी फोडणे हाताने आणि तेल काढणे यंत्राने चालते त्या स्त्रियांच्या सहकारी संस्थेचा हिशेब, तेलाची किंमत आणि त्यातला मजुरीचा वाटा यांना पटात क्वचितच जागा मिळते. मोरोक्कोच्या राज्यघटनेने 2011 मध्ये या समाजाच्या भाषेला अधिकृत दर्जा दिला. तो दर्जा मागणारी पिढी जात्याच्या त्या चौकटीत बसत नाही.

शुद्धतेच्या हट्टाला कोकणातील नमन-खेळ्यांइतके चोख उत्तर दुसरे नसेल. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी निघते, मृदंग-झांजांच्या साथीने गण, गवळण आणि मग वग रंगतो, आणि काळा पायघोळ वेश, टोकदार टोपी, कमरेला घुंगरू अशा अवतारातला संकासुर प्रेक्षकांची फिरकी घेत फिरतो. हा खेळ उभा राहतो तो बऱ्याच अंशी मुंबईच्या चाकरमान्यांच्या बळावर: त्यांची रजा, वर्गणी आणि तालमी यांवर. परळच्या दामोदर नाट्यगृहात नमनाचे तिकीट लावून प्रयोग होत आले. एकीकडे त्याला ‘अस्सल ग्रामीण’ म्हणायचे आणि दुसरीकडे मुंबई पुसून टाकायची, हे बुद्धीला पटणारे नाही. ‘शेवटचा कलावंत’ ही निवेदकाची लाडकी पदवीही अशीच उतावळी असते. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या चित्रकथीवर, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याच्या कलेवर, मणी कौल यांनी 1970 च्या दशकात पट केला. त्याच पिंगुळीतील चित्रकथी कलावंत परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली.

याउलट, कॅमेरा आला की विधीचा तमाशा होतो, म्हणून चित्रणच नको, असाही एक पक्ष आहे. देवापुढे घालायच्या गाऱ्हाण्यासारख्या प्रसंगी मानकऱ्यांनी आणि गुरवाने नको म्हटले तर कॅमेरा बंद झालाच पाहिजे, एवढे त्याचे म्हणणे मान्य करावे लागते. पण नमन मुळातच लोकांपुढे करायचा खेळ आहे, आणि पालखी नाचवणाऱ्यांच्या भोवती गावातल्याच मुलांचे मोबाइल उंचावलेले असतात. तेव्हा चित्रण व्हावे की नाही हा प्रश्न गावाने आधीच निकालात काढला आहे. उरतो तो चित्रण कसे व्हावे हा प्रश्न.

त्याचे उत्तर देणारी उदाहरणे आहेत. डेव्हिड मॅकडूगल यांनी युगांडातील जिए पशुपालकांवरील ‘टू लिव्ह विथ हर्ड्स’ (1972) मध्ये माणसांचे बोलणे निवेदकाच्या आवाजाखाली न बुजवता उपशीर्षकांसह जसेच्या तसे ठेवले. महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी उभ्या केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत, आणि तिथे ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव नोंदवलेले असते. ‘लोक’ या निनावी ढिगात तिला लोटलेले नाही. हेदवीच्या परिसरात काम करणाऱ्याने एवढे तरी करावे. संकासुराचा नाच दोन मिनिटांत आटोपून त्यावर ‘लोप पावत चाललेली कला’ अशी हळहळ लादण्यापेक्षा त्याचा वेश कोण शिवतो, खर्च कोण उचलतो, मृदंगवाला वर्षभर कोणती नोकरी करतो आणि तालमीला रजा कशी काढतो, हे त्याच्याच बोलीत ऐकू द्यावे. पालखीच्या मानावरून कोकणात वाद होतात, प्रसंगी पोलीस बंदोबस्तही लागतो. गावाची संमती असेल तर तेही वगळू नये, कारण कोणाच्या खांद्याला पालखी लागते आणि कोणाच्या नाही, यातच त्या परंपरेची समाजरचना दिसते. श्रेयनामावलीत ‘ग्रामस्थ’ असे मोघम न लिहिता खेळ्यांची नावे यावीत, त्यांना मानधन ठरवून मिळावे, आणि पटाची प्रत महोत्सवांच्या आधी गावाच्या मंडळाला दाखवून, त्यांनी काढलेल्या चुका दुरुस्त करूनच ती पुढे जावी.