परतणाऱ्याचे कथन

मिशनरी परतला की त्याच्या वृत्तान्तात एक ठरावीक वळण येते: शिकवायला गेलो, शिकून आलो. ही नम्रता समीक्षकांनाही भुरळ घालते. आमचा आक्षेप नेमका तिच्यावरच आहे.

व्हिन्सेंट डोनोव्हन यांचे 'ख्रिश्चॅनिटी रीडिस्कव्हर्ड' (१९७८) हे या प्रकारातील बहुधा सर्वांत प्रामाणिक पुस्तक. टांझानियातील लोलिओंडो येथे शाळा-दवाखान्यांचा रुळलेला मार्ग सोडून त्यांनी मासाईंशी थेट धर्मसंवाद मांडला, याचे मोल नाकारण्याचे कारण नाही. पण शीर्षकातील क्रियेचा कर्ता कोण? पुन्हा गवसला तो मिशनऱ्याचा धर्म. मासाई त्या शोधाचे निमित्त.

डोरोथी हॉजसन यांच्या 'द चर्च ऑफ विमेन' (२००५) या अभ्यासानुसार मिशनऱ्यांना हवे होते पुरुष; मोठ्या संख्येने आल्या स्त्रिया. मासाईंचे ईश्वरनाम 'एन्काई' व्याकरणदृष्ट्या स्त्रीलिंगी आहे; पावसालाही तोच शब्द. या स्त्रियांनी नवा धर्म आपल्या श्रद्धाविश्वात सामावून घेतला. ही घटना परतणाऱ्याच्या आत्मकथनात मावत नाही, कारण तिच्यातील कर्तेपण दुसऱ्याचे आहे.

१९०४ व १९११ च्या करारांनी केनियातील मासाईंची कुरणे गोऱ्या वसाहतवाल्यांकडे गेली. १९५९ मध्ये मासाईंना सेरेंगेटीतून हलवण्यात आले. एकाला परतता येते, दुसऱ्याला परतायला जागाच उरत नाही. हे अंतर ज्या वृत्तान्तात उमटत नाही, त्याच्या नम्रतेला वाङ्मयीन गुण म्हणणे ही समीक्षेची हयगय होय.