दुबईला माणूस पाठवतो, मग माल का नाही?

थेरगावात आमच्या मामूंचे छोटे वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग मशीन आणि चार कामगार. पिना आणि बुश बनवून ते चाकणच्या एका पुरवठादाराला देतात. तो आपल्या असेंब्लीत ते बसवतो आणि काही माल परदेशी पाठवतो. गेल्या वर्षी या पुरवठादाराचा मामूंना इंग्रजीत ई-मेल आला. कच्चा माल कुठून घेता, त्यातला आयात केलेला किती, तुमच्या किमतीत मालाचा वाटा किती, हे लेखी कळवा, असे त्यात होते. मामूंना वाटले, ही टॅक्सची काहीतरी चौकशी आहे. त्यांनी उत्तर दिले नाही. आठवणीचा दुसरा मेल आला, त्यालाही नाही. दोन-अडीच महिन्यांत ती ऑर्डर दुसऱ्या वर्कशॉपकडे गेली.

ऑर्डर गेल्यावर मामूंनी तो मेल मला दाखवला. मी रोज डांगे चौकातून हिंजवडीला जातो आणि दिवसभर परदेशी कंपन्यांचे असेच फॉर्म संगणकावर बसवण्याचे काम करतो. पण शेजारच्या गल्लीत आलेला फॉर्म माझ्यापर्यंत पोचायला उशीर झाला. त्या मेलचा टॅक्सशी काहीच संबंध नव्हता. पुरवठादाराला मुक्त व्यापार कराराचा फायदा घ्यायचा होता आणि त्यासाठी मामूंच्या एका सहीची गरज होती.

मुक्त व्यापार करार म्हटले की आपल्याला दिल्लीतले हस्तांदोलन आठवते. प्रत्यक्षात हा करार म्हणजे एक यादी आणि एक अट असते. कोणत्या मालावर आयात शुल्क कमी किंवा शून्य होईल, ही यादी. तो माल खरोखर आपल्या देशात बनलेला असला पाहिजे, ही अट. आसियान देशांशी भारताचा वस्तूंच्या व्यापाराचा करार १ जानेवारी २०१० पासून लागू आहे. संयुक्त अरब अमिरातीशी केलेला करार १ मे २०२२ पासून, ऑस्ट्रेलियाशी केलेला २९ डिसेंबर २०२२ पासून आणि स्वित्झर्लंड-नॉर्वे गटाशी केलेला १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या. करारांची कमतरता नाही, कमी आहे तो त्यांचा वापर. निती आयोगाच्या टिपणातही भारतात हा वापर २५ टक्क्यांच्या आत असल्याचे म्हटले होते.

अटीचा हिशोब अवघड नाही. आसियान करारात साधारण नियम असा की, मालाच्या निर्यात किमतीतला किमान ३५ टक्के वाटा इथला हवा आणि आयात केलेल्या कच्च्या मालाचे रूप इतके बदललेले हवे की त्याचा सहा आकडी एचएस कोड बदलेल. समजा, एका भागाची निर्यात किंमत १०० रुपये आहे आणि त्यात आयात केलेले पोलाद ६८ रुपयांचे आहे. इथला वाटा ३२ राहिला, सवलत गेली. त्यातले १० रुपयांचे पोलाद देशी घेतले आणि त्याचे बिल जपून ठेवले, तर वाटा ४२ होतो आणि सवलत मिळते. मशीन तेच, कारागीर तोच, फरक फक्त बिलाचा. ज्या सुट्या भागाचे मूळ कागदावर सिद्ध होत नाही, तो परदेशी धरला जातो. मामूंची पिन थेरगावात बनली होती, पण मामूंनी तसे लिहून न दिल्यामुळे हिशोबात ती परदेशी ठरली. पुरवठादाराने दुसरा माणूस शोधला, यात त्याची चूक म्हणता येत नाही.

आता अमिरातीचे पाहू. तिथे बहुतेक मालावर ५ टक्के आयात शुल्क आहे. करारामुळे भारताच्या निर्यातीतला मूल्याने ९० टक्क्यांहून अधिक माल पहिल्याच दिवसापासून शुल्कमुक्त झाला. दहा लाखांच्या मालावर हे साधारण पन्नास हजार रुपये होतात. पण ते वाचतात दुबईतल्या खरेदीदाराचे, आपले नाहीत. आपल्याला हे माहीत असेल तरच भाव ठरवताना त्यातला वाटा मागता येतो. माहीत नसेल तर खरेदीदार आपल्याकडून उगमाचे प्रमाणपत्र घेतो, पन्नास हजार खिशात घालतो आणि आपल्याला शुक्रिया म्हणतो.

आपल्या समाजाला दुबई नवीन नाही. कोकणातल्या आणि पुण्यातल्या किती घरांची चूल आखातातल्या पगारावर पेटली, हे सांगायला नको. व्हिसा, एजंट, मेडिकल, तिकीट या सगळ्याची माहिती मोहल्ल्यातल्या कुणालाही विचारा, तोंडपाठ असते. पण आयात-निर्यात कोड कसा काढतात, हे विचारले तर दहांतले नऊ जण गप्प बसतील. तो कोड पाचशे रुपयांत, घरबसल्या ऑनलाइन मिळतो. माणूस पाठवायचे कसब आपण दोन पिढ्या कमावले, माल पाठवायचे कमावले नाही. आखातात असलेला आपलाच भाऊ किंवा खालू तिथला बाजार ओळखतो, गोदामवाला ओळखतो. ही ओळख बाकीच्यांना पैसे देऊन मिळवावी लागते.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. करार दोन्हीकडून उघडतो. आसियान करारानंतर आपली व्यापारी तूट वाढली आणि स्वस्त आयातीचा मार इथल्या लहान कारखान्यांनाही बसला. त्यामुळेच त्या कराराचा फेरविचार सुरू झाला. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारत आरसेपमधून बाहेर पडला, त्यामागेही ही भीती होती. ती खोटी नाही. पण जे करार लागू आहेत, त्यांतून माल आत येणारच. मग बाहेर जाण्याचा दरवाजा न वापरणे म्हणजे नुकसान पत्करून नफा नाकारणे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने बऱ्याच भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावले. एकाच बाजारावर अवलंबून राहिले की काय होते, हे तेव्हा साऱ्या औद्योगिक पट्ट्याने पाहिले.

खरी अडचण आपल्या कागदांची आहे. भंगारातून धातू काढणारे, त्याचे ओतकाम करणारे, टर्निंग करणारे कितीतरी कारागीर आपल्यातले आहेत. देशात गोळा झालेले भंगार या करारांत पूर्णपणे इथलेच मानले जाते, म्हणजे आपली बाजू मुळातच भक्कम आहे. पण भंगार रोखीने, बिलाशिवाय घेतले की ती बाजू शून्य होते. शेड भाड्याची, भाडेकरार तोंडी आणि जीएसटी मालकाच्या मेहुण्याच्या नावावर, असे असेल तर प्रमाणपत्र कुणाच्या नावाने निघणार? फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडीत महापालिकेच्या कारवाईत शेकडो गोदामे आणि शेड जमीनदोस्त झाल्या. त्या कारवाईच्या न्याय-अन्यायाचा प्रश्न वेगळा आहे आणि तो विचारलाच पाहिजे. पण जागा गेली की कागदावरचा पत्ता जातो आणि पत्त्याबरोबर धंद्याची ओळखही जाते, हे त्या धुळीत उभे राहून अनेकांना कळले.

यावर उपाय सरकारकडेही आहे आणि आपल्याकडेही. विदेश व्यापार महासंचालनालयाचे कार्यालय पुण्यात आहे, जिल्हा उद्योग केंद्र आहे, १९३४ पासून काम करणारे मराठा चेंबर आहे. प्रमाणपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो. पण सगळी भाषा इंग्रजी आणि सल्लागाराची फी लेथवाल्याच्या आवाक्याबाहेरची. या कार्यालयांनी महिन्यातून एक दिवस थेरगाव, काळेवाडी, चिखलीत येऊन मराठी-हिंदीत मार्गदर्शन करावे, ही मागणी आपण लेखी केली पाहिजे.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू. आपल्या संघटना रक्तदान शिबिरे घेतात, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देतात. त्याच टेबलावर रविवारी दोन तास उद्यम नोंदणी, आयात-निर्यात कोड, एचएस कोड आणि खर्चाचा एक पानी तक्ता बनवून द्यायला काय हरकत आहे? हिंजवडीत काम करणारी आपली शेकडो मुले-मुली आहेत. एक्सेलचा तक्ता त्यांच्यासाठी दहा मिनिटांचे काम आहे, वर्कशॉपवाल्यासाठी ती पुढची ऑर्डर आहे.

मी सुरुवात घरापासून केली. मामूंच्या प्रत्येक वस्तूचा कोड, कच्च्या मालाचे बिल आणि खर्चाचा वाटा आता एका फाइलमध्ये आहे. गेलेली ऑर्डर परत आलेली नाही. पण मागच्या महिन्यात दुसऱ्या एका कंपनीकडून तशाच माहितीची मागणी आली, तेव्हा मामूंनी मेल न लपवता मला फोन केला आणि उत्तर त्याच संध्याकाळी गेले.