मनोरा कोसळल्यानंतरची दहा मिनिटे

स्पॅगेटीच्या २० कोरड्या काड्या, यार्डभर चिकटपट्टी, यार्डभर दोरा आणि टोकावर ठेवायला एक मार्शमॅलो. चौघांनी मिळून १८ मिनिटांत जास्तीत जास्त उंच मनोरा उभारायचा. पीटर स्किलमन यांचा हा खेळ टॉम वुजेक यांनी जगभर नेला. व्यवस्थापनशास्त्राचे विद्यार्थी यात बालवाडीतल्या मुलांपेक्षा मागे पडतात, असे त्यांना आढळले. मोठे आराखडा काढण्यात आणि पुढारी कोण हे ठरवण्यात वेळ घालवतात, मार्शमॅलो शेवटी ठेवतात आणि मनोरा वाकतो. लहान मुले तो पहिल्यापासून ठेवून बघतात. (आपल्याकडे खराट्याच्या काड्या आणि लिंबू घेऊनही हे जमेल.)

२०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारी शाळांत पाच वर्षांत ५० हजार अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली. साहित्य येईल. पण गटात घडते काय? एक चलाख मुलगा सगळे करतो, ‘अक्षर छान’ म्हणून मुलीच्या हाती वही जाते, उरलेले बघत राहतात. वस्तू तयार होते, शिक्षक खूश होतात. याला सहकार्य म्हणणे कठीण आहे.

शस्त्रक्रियागृहात हीच सवय महागात पडते. चूक कनिष्ठाच्या लक्षात येते, पण वरिष्ठांसमोर तोंड उघडत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८च्या तपासणी यादीत, चीर देण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव आणि काम मोठ्याने सांगावे, असा मुद्दा आहे. आठ शहरांतील रुग्णालयांच्या अभ्यासात मृत्यूंचे प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यावर आले. त्यात दिल्लीही होती. पुढे कॅनडातील ओंटारिओ प्रांतात यादी सर्वत्र लागू झाल्यावर मात्र तसा लक्षणीय फरक दिसला नाही. यादीवर खूण केली म्हणजे माणसे एकमेकांशी बोललीच, असे नव्हे.

शाळेतही नुसता उपक्रम पुरत नाही. वही आणि कात्री दर वेळी वेगळ्या हातांत गेली पाहिजे. मनोरा कोसळल्यावर दहा मिनिटे राखून विचारले पाहिजे : तो कलतोय हे आधी कोणाला दिसले होते? मग तो किंवा ती बोलली का नाही? हा प्रश्न विचारायला कुठलेही यंत्र विकत घ्यावे लागत नाही. तासिकेतली दहा मिनिटे मात्र लागतात, आणि वेळापत्रकात आज नेमकी तीच नाहीत.