पाणबुडी कुणाच्या हातात दिली?

बीडपासून समुद्र फार लांब आहे. तरीही मी पाणबुडीवर लिहितोय, कारण ती आपल्या पैशाची होती. उसाच्या फडात कोयता घेऊन जाणारा मजूरही बिस्किटाच्या पुड्यावर जीएसटी भरतो.

१९८८ मध्ये भारतीय नौदलात आलेली ‘सिंधुवीर’ विशाखापट्टणममध्ये दुरुस्त करून २०२० मध्ये म्यानमारच्या नौदलाला दिली गेली. म्यानमारची ही पहिलीच पाणबुडी. २४ डिसेंबरला ती त्यांच्या नौदलात दाखल झाली आणि ४० दिवसांच्या आत, १ फेब्रुवारी २०२१ रोजी, तिथल्या लष्कराने सत्ता बळकावली.

हे लष्कर कसं आहे, ते आधी माहीत नव्हतं का? २०१७ मध्ये सात लाखांहून जास्त रोहिंग्यांना त्याने बांगलादेशात पळवून लावलं होतं. सेनाप्रमुख मिन आंग लाइंग यांची नरसंहारासाठी चौकशी व्हावी, असं संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने २०१८ मध्येच म्हटलं. जानेवारी २०२० मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने रोहिंग्यांच्या संरक्षणाचे आदेश दिले. त्याच वर्षी आपण पाणबुडी दिली. नरसंहार रोखण्याच्या कराराला भारताने १९५९ मध्येच मान्यता दिलेली आहे.

लोक म्हणतील, पाणबुडीने गावं जाळली नाहीत. खरं आहे. पण ज्याच्यावर असे आरोप आहेत त्याला आपण ताकद आणि इज्जत दिली, त्याचं काय?

दुसरं उत्तर ठरलेलं: ‘आपण दिली नसती तर चीनने दिली असती.’ चीनने डिसेंबर २०२१ मध्ये दिलीच! म्हणजे तत्त्वही गेलं आणि डावही.

तिसरा टोमणा आपल्यासाठी राखीव आहे: ‘तुम्हाला फक्त रोहिंग्या दिसतात.’ नाही. सत्तापालटानंतर याच लष्कराने बौद्ध तरुणांवर गोळ्या झाडल्या. चिन ख्रिश्चन हजारोंनी मिझोराममध्ये आश्रयाला आले. जुलूम मजहब विचारून थांबत नाही, मग आपला विरोधही मजहब बघून का असावा?

जुनी जहाजं मित्रदेशांना देऊच नयेत, असं मी म्हणत नाही. २०२३ मध्ये ‘कृपाण’ व्हिएतनामला दिली, त्यावर माझा असा आक्षेप नाही. प्रश्न आहे तो ठरवतं कोण याचा. अमेरिकेत ३,००० टनांहून मोठी किंवा २० वर्षांहून कमी वयाची युद्धनौका परदेशाला द्यायची तर तिथल्या संसदेने कायदा करून मंजुरी द्यावी लागते. आपल्याकडे सरकार ठरवतं, आपण बातमीत वाचतो.

म्हणून दोस्तांनो, स्टेटस ठेवून गप्प बसू नका. आपल्या खासदारांना पत्र लिहा, मराठीत लिहा. लोकसभेत दोन गोष्टी मागायला सांगा: युद्धनौका देण्याआधी संसदेची मंजुरी, आणि नरसंहाराचा आरोप असलेल्या लष्कराला पूर्ण मनाई. संविधानाचं कलम ५१ आंतरराष्ट्रीय शांतता आणि कायद्याचा आदर सांगतं. जालिमाचा हात बळकट करू नये, हे आपला दीन सांगतो. दोन्हींची मागणी एकच आहे.

मजलूमसाठी दुआ जरूर करा. पण जालिमाला दिलेल्या पाणबुडीचा हिशेब दुआने मिळत नाही, तो मागावा लागतो.