भिंत कुणाच्या जागेत आहे, हे घर घेण्याआधी कळू द्या

मा. जमाबंदी आयुक्त आणि संचालक, भूमी अभिलेख, महाराष्ट्र राज्य, पुणे
यांस,

दोन वर्षांपूर्वी आम्ही एका तालुक्याच्या गावी, गावठाणात, जुनं घर विकत घेतलं. गेल्या महिन्यात शेजाऱ्यांनी स्वतःच्या बांधकामासाठी मोजणी आणली. भूकरमापकांनी रोव्हर लावून बोळात एक आणि परसात एक अशा तांबड्या रंगाच्या खुणा केल्या. दोन खुणांमध्ये दोरी धरायची, तर मध्ये आमचं स्वयंपाकघर. समोरासमोरच्या खिडक्या उघडून दोरी आरपार ओढली, तेव्हा ती ओट्यावर शेगडीच्या बटणांवरून गेली. दोरीपलीकडचा ओटा आणि मागची भिंत शेजाऱ्यांच्या जागेत. 2 फूट 4 इंच. माझी आई हातात पातेलं घेऊन तशीच उभी राहिली.

घर घेताना आम्ही हयगय केली नव्हती. वकिलांकडून 30 वर्षांचा सर्च घेतला, मिळकत पत्रिका पाहिली, बोजा नाही याची खात्री केली. बँकेचा माणूस टेपनं खोल्या मोजून गेला. हे सगळे कागद आजही बरोबरच आहेत. खरेदीखतात चतुःसीमा आहेत, पूर्वेस अमुक यांचे घर. ते घर पूर्वेसच आहे. पण जमिनीवरची भिंत हद्दीच्या आत आहे की बाहेर, हे त्यातला एकही कागद सांगत नाही. मालकी एकानं तपासली, खोल्या दुसऱ्यानं मोजल्या, हद्द कुणीच पाहिली नाही.

भिंत तिथं गेली कशी? आम्ही घर घेण्याआधी मागची मातीची भिंत एका पावसाळ्यात खचली होती. पक्की बांधताना जरा सरकवू का, असं आधीच्या मालकांनी विचारलं आणि शेजारचे आजोबा "बांध की" म्हणाले. शब्द दोघांतला होता, दस्तात तो कुठून येणार? घर विकणाऱ्याला मिळकतीतला मोठा दोष माहीत असेल आणि घेणाऱ्याला तो साध्या तपासणीत दिसणारा नसेल, तर सांगणं मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882च्या कलम 55नं बंधनकारक आहे. आमच्या विक्रेत्यांना तो दोषच वाटला नव्हता.

बारा वर्षं झाली, आता जागा तुमचीच, असं आम्हाला चार जणांनी सांगितलं. मुदतीच्या 1963च्या कायद्यात बारा वर्षं आहेत हे खरं. पण ताबा मालकाच्या हक्काला उघडपणे नाकारणारा असावा लागतो. परवानगीनं बसलेल्याला तो आधार मिळत नाही. मिळाला असता तरी मी घेतला नसता. ज्या माणसानं अडचणीत हात दिला, त्याचीच जागा त्याच्या भलेपणाच्या जोरावर बळकवायची?

आजोबा म्हणाले, "भिंत तुम्ही घातली नाही, पण जागा माझीच." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पट्टा रीतसर विकत घेण्याचं आमचं बोलणं चाललं आहे.

आपल्याला एकच मागणं. मोजणी नकाशाच्या 'क' प्रतीवर हद्द वेगळी आणि वहिवाट वेगळी दाखवता येते, म्हणजे उत्तर आपल्या खात्यापाशी आहेच. बांधलेल्या घराची विक्री होताना अशी अलीकडची प्रत, त्यावर इमारतीच्या भिंती दाखवून, खरेदीखताला जोडली जावी. नोंदणी खात्याशी बोलून एवढी सोय करा. सुरुवात गावठाणांपासून करा, कारण तिथं भिंतीला भिंत लागून आहे आणि अशा तोंडी मुभा घराघरांत आहेत. मोजणीचं शुल्क विक्रेत्यानं भरावं की घेणाऱ्यानं, ते ठरवता येईल. आम्ही तर आनंदानं भरलं असतं. विक्रीच्या मोजणीला वेगळी रांग आणि ठरलेली मुदत मात्र हवी, नाहीतर लोक घाईत तिच्याविनाच व्यवहार उरकतील.

मोजणीची नोटीस लगतच्या धारकांना जातेच. ती खरेदीआधी गेली असती, तर आजोबांनी "बांध की" म्हटल्याची गोष्ट आम्हाला सही करण्यापूर्वी ऐकायला मिळाली असती, आणि आधीच्या मालकांसमोर बसून तिचा कागद करता आला असता.

आपला नम्र,
एक घरखरेदीदार